माणसावरचा विनोद आणि त्याला बघून घाबरणाऱ्यांवरचा विनोद

विनोदी सिनेमातल्या एखाद्या गे पात्राबद्दल तक्रार करायला मी तोंड उघडलं की समोरून ठरलेलं वाक्य येतं, "अगं, पण शेवटी मेसेज चांगला दिलाय ना!" हे मी ठाण्यात आमच्या घरी ऐकलंय, ऑफिसात डबा खाताना ऐकलंय, ऐरोलीच्या मामीकडूनही ऐकलंय. म्हणणाऱ्यांच्या मनात काही वाईट नसतं. गल्लत वेगळीच होते. समलिंगी माणसावर केलेला विनोद आणि त्याला बघून घाबरणाऱ्यांवर केलेला विनोद, हे दोन्ही पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात. दोन पुरुष जरा जास्त जवळ उभे असतात, दार उघडतं, आई किंवा बाप बघतो, त्यांची बोबडी वळते आणि थिएटर हसतं. शेवटी कुणीतरी डोळे पुसत प्रेमाबद्दल चार शब्द बोलतं. तेही दोन्हीकडे सारखंच. त्यामुळे शेवट बघून फरक कळत नाही. तोवरचे दोन तास हशा कुणाच्या जिवावर चाललाय, ते बघावं लागतं.

आधी 'दोस्ताना' घेऊ. तरुण मनसुखानीचा हा सिनेमा नोव्हेंबर २००८मध्ये आला. मायामीत अभिषेक बच्चन आणि जॉन अब्राहम यांना भाड्यानं जागा हवी असते. घरमालकिणीची तरुण भाची तिथे राहते, म्हणून तिला पुरुष भाडेकरू नको असतात. मग हे दोघं आपण जोडपं आहोत असं सांगून घरात शिरतात.

जागेसाठी सोंग घ्यायची गोष्ट आपल्याला काही नवी नाही. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) आपल्यातल्या निम्म्या लोकांना तोंडपाठ असेल. पुण्यात जागा मिळेना म्हणून परशा पार्वती होतो आणि सुधीर सुधा. तीही कल्पना मूळची हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मधली (१९६६). बनवाबनवीत आपण हसतो ते सोंगावर. पदर सावरत नाही, आवाज मधेच फाटतो आणि लीलाबाई काळभोर नेमक्या नको त्या वेळी हजर होतात. बाई असण्यात हसण्यासारखं काही आहे असं तो सिनेमा म्हणत नाही. बाई नसताना बाईपण निभावताना जी दमछाक होते, ती हसवते. संगीत नाटकातला स्त्रीपार्टी, तमाशातला नाच्या, 'मोरूची मावशी' असं सगळं बघून आपली नजर तयार झालेली आहे. सोंग कुठलं आणि माणूस कुठला, हे आपल्याला बरोबर कळतं. निदान कळायला हवं.

'दोस्ताना'सुद्धा जोवर दोघांच्या दमछाकीवर चालतो तोवर धमाल आहे. पण गे असल्याचं दाखवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न आला की सिनेमाला एकच उत्तर सापडतं: मनगट लुळं, चाल लचकती, आवाज लाडिक. इथे हशा सोंग फसण्यावर उरत नाही, ज्याचं सोंग घेतलंय त्याच्यावर जाऊन पडतो. आणि कथेत खरोखर गे असलेला जो ठळक माणूस आहे, बोमन इराणींचा मासिकाचा संपादक, त्याला सिनेमा भडक कपडे आणि नखरे देतो. त्याला घर नाही, भूतकाळ नाही, साधं दुखणंखुपणंही नाही. दोन्ही नायकांना मात्र हे सगळं आहे, आणि ते दोघं गे नाहीत.

स्वीकाराचा संदेश म्हणाल तर तोही याच सिनेमात आहे. किरण खेर आई म्हणून येते, कोसळते, रडते, मग समजूत पटल्यावर होणाऱ्या 'सुने'चा म्हणून जॉन अब्राहमचा गृहप्रवेश करून घेते, त्याला बांगड्या देते. किरण खेरनं ते इतकं मनापासून केलंय की माझ्या आईच्या डोळ्यांत तेव्हा पाणी आलं होतं, आणि ते पाणी खरं होतं. 'गे' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारला गेला तो याच सिनेमामुळे, ते श्रेय मी त्याला देते. पण या आईनं जे स्वीकारलं ते मुळात खोटं होतं. तिचा मुलगा गे नाहीच, हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. त्यामुळे तिच्या जागी स्वतःला ठेवायची वेळच प्रेक्षकावर येत नाही. रडून झालं, हसून झालं, घरी जाताना काहीच बदललेलं नसतं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पुढं टीव्हीवर हा सिनेमा लागला की तो चटईवर, शोकेसला पाठ टेकून बसायचा आणि पोट धरून हसायचा. त्याला हा सिनेमा फार आवडतो असं आम्ही धरूनच चाललो होतो. २०१९मध्ये एका संध्याकाळी तलावपाळीवर फेऱ्या मारताना त्यानं मला स्वतःबद्दल सांगितलं. बरंच काही बोलून झाल्यावर मधेच म्हणाला, "ताई, त्या सीनला मी सगळ्यांच्या आधी हसायचो. उशीर झाला असता तर कुणीतरी माझ्याकडे बघितलं असतं." मला शोकेसला टेकलेला तो मुलगा आठवला. हसता हसता तो आमच्या तोंडांकडे बघायचा, हेही तेव्हाच आठवलं. इतकी वर्षं मी शेजारी बसून त्याच्याबरोबर हसत होते.

आता कुणी विचारेल, घाबरणाऱ्यांवरचा विनोद चांगला, तर 'कल हो ना हो'मधली (२००३) सैफच्या घरची कामवाली कांताबेन का खटकावी? शाहरुख आणि सैफला दर वेळी भलत्याच अवस्थेत बघून तिचीच तर गाळण उडते, हसतो तर आपण तिलाच. हा प्रश्न रास्त आहे आणि खरी मेख इथेच आहे. कांताबेनचं घाबरणं हास्यास्पद ठरतं, कारण तिला वाटतं तसं तिथे काहीच नसतं. आणि असतं तर? तर तिचं घाबरणं बरोबर होतं, असंच तो विनोद गुपचूप सांगतो. म्हणजे कोण घाबरलं एवढं बघून पुरत नाही. त्यात घाबरण्यासारखं काही आहे असं सिनेमा स्वतः मानतो का, हेही बघावं लागतं.

'शुभ मंगल ज्यादा सावधान' (२०२०) इथे वेगळा पडतो. हितेश केवल्यच्या या सिनेमात आयुष्मान खुराना आणि जितेंद्र कुमार खरोखरच एकमेकांच्या प्रेमात आहेत. रेल्वेगाडीत त्यांना एकमेकांचं चुंबन घेताना बाप, म्हणजे गजराज राव, बघतो आणि ओकतो. मी हा सिनेमा भावाबरोबर ठाण्यातच एका मॉलमध्ये बघितला. चुंबनाला मागच्या रांगेतून "ईऽऽ" आलं, शिट्टी आली. माझा हात आपोआप भावाच्या मनगटावर गेला. पाठोपाठ बापाला ओकारी झाली आणि तीच मागची रांग खो खो हसली. दोन क्षणांपूर्वी जे त्यांनी केलं होतं तेच पडद्यावर बाप करत होता, आणि आता ते हास्यास्पद दिसत होतं. भावाचा हात सैल पडला. गैरसमज नाही, सोंग नाही, पोरं खरंच तशीच आहेत, आणि तरी हसू बापावर.

बापाचा धंदाही लेखकानं विचार करून निवडलाय. तो शेतीशास्त्रज्ञ आहे आणि त्यानं प्रयोगशाळेत काळा फुलकोबी काढलाय. निसर्गाला स्वतः एवढं वाकवणारा माणूस मुलाच्या प्रेमाला अनैसर्गिक म्हणतो. १८६०च्या दंडसंहितेतल्या कलम ३७७ची भाषाही हीच होती, निसर्गक्रमाविरुद्धचा संभोग. एका भाजीत त्यांनी अख्खं कलम बसवलं. माझ्या मते ते साऱ्या भाषणांपेक्षा जास्त काम करतं.

कारण भाषणंही आहेतच. इंद्रधनुषी झेंडा पाठीवर घेऊन आयुष्मान भोंग्यातून बापाला त्याचा आजार समजावतो, तेव्हा मला सिनेमा थांबल्यासारखा वाटला. शेवटाला सर्वोच्च न्यायालयाचा ६ सप्टेंबर २०१८चा निकालही गोष्टीत येतो. हा निकाल मिळायला काय लागलं ते विसरू नये. दिल्ली उच्च न्यायालयानं २ जुलै २००९ला प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले, ११ डिसेंबर २०१३ला सर्वोच्च न्यायालयानं ते परत गुन्ह्यात ढकलले, आणि मग २०१८ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठानं कायमचे बाहेर काढले. म्हणजे 'दोस्ताना'चे नायक ज्या नात्याचं सोंग करत होते त्यातले शरीरसंबंध तेव्हा भारतात गुन्हा होते, आणि आपण पॉपकॉर्न खात हसत होतो. पण कोर्टानं मोकळं केलं म्हणून घरानं जवळ घेतलं असं होत नाही. 'शुभ मंगल' ही दोन्ही कामं एकाच दिवशी उरकतो.

'बधाई दो' (२०२२) मला या सगळ्यांत सर्वात जवळचा. हर्षवर्धन कुलकर्णींचा सिनेमा. राजकुमार राव पोलीस, भूमी पेडणेकर शाळेत पीटी शिकवणारी. तो गे, ती लेस्बियन. घरच्यांचा ससेमिरा चुकवायला दोघं एकमेकांशी लग्न करतात. त्यातला राजकुमारचा शार्दूल गे आहे म्हणून हसू येत नाही. तो नवरेशाही करतो, हुकूम सोडतो, शरीर कमावतो आणि साहेबांपुढे मात्र मांजर होतो, म्हणून हसू येतं. असले नग आपल्या प्रत्येकाच्या नात्यात निघतील. तो घरच्यांसमोर खरं सांगतो तेव्हा त्याची आई, शीबा चढ्ढा, भाषण करत नाही. जवळ घेते फक्त. संदेश असा कुठे लिहून ठेवलेला नाही आणि बघणाऱ्याला सगळं पोचतं.

तरी एक गोष्ट मला या नव्या सिनेमांबद्दलही बोलायची आहे. लचकती चाल बाजूला सारून त्यांनी पिळदार दंडाचा, पुरुषी चालीचा गे माणूस आणला. ठीकच केलं. पण ज्याची चाल खरोखर हळुवार आहे, बोलताना ज्याचे हात फिरतात, त्या पोराचं काय? शाळेपासून 'बायल्या' ऐकत आलेला तो पोरगा आधी हशाचा धनी होता, आता पडद्यावरून गायबच झाला. साचा मोडायचा म्हणजे त्या चालीच्या माणसाला हाकलायचं असं नव्हे. त्याला नाव द्यावं, घर द्यावं, एखादं वेडं प्रेम द्यावं, आणि मग चालू दे त्याला हवं तसं. 'नटरंग'मध्ये (२०१०) पैलवान गडी नाच्या होतो तेव्हा गाव त्याची भूमिका आणि त्याचं पुरुषपण यांची गल्लत करतं आणि त्याची फार क्रूर किंमत वसूल करतं. तो विनोदी सिनेमा नाही, पण लचकण्याला हसणाऱ्यांनी तो आठवावा.

भाड्याच्या जागेवरून विषय निघालाय म्हणून हेही सांगते. गेल्या वर्षी भाऊ आणि त्याचा जोडीदार घणसोलीत वन बीएचके बघत होते. ब्रोकरनं दारातच विचारलं, "बॅचलर? सोसायटीत चालत नाहीत. नात्यातले असाल तर बोलतो मालकांशी." दोघांची आडनावं वेगळी. भावानं सांगून टाकलं, आतेभाऊ आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रोकरचा मला फोन. मी गॅसवर दूध ठेवून उभी होते. "ताई, ते दोघं आते-मामेभाऊच ना? सहज विचारतोय, मालकांना सांगायला." मी हो म्हटलं. "आत्या कुठं असतात तुमच्या?" मी म्हटलं, चिपळूणला. माझ्या वडिलांना बहीण नाही.

मायामीतल्या दोघांना जागा मिळाली ती जोडपं असल्याचं सांगून. घणसोलीत खऱ्या जोडप्याला जोडपं नसल्याचं सांगावं लागलं. या धास्तीवर कुणी मराठीत सिनेमा केला तर तो पोटभर हसवेल, आणि त्यात हसू कुणावर पडेल हेही स्पष्ट असेल. आत्याचा फोटो मागणारा ब्रोकर, आते-मामेभावाला दोन खोल्या का लागत नाहीत या कोड्यात पडलेला सोसायटीचा सेक्रेटरी. मालमसाला तयार आहे.

त्यांच्या शेजारी एक काकू राहतात. पहिल्या महिन्यापासून थालीपीठ केलं की चार पाठवतात, दोघांना दोन-दोन. परवा त्यांनी भावाला विचारलं, "अरे, तुझ्या आत्याला एकदा इकडे आण की. दोन दिवस राहू देत पोराजवळ." भावानं मला रात्री फोन करून हे सांगितलं. अशा वेळी तो हटकून हसतो, आधी आणि मोठ्यानं. या वेळी हसला नाही. बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "ताई, काकूंना खरं सांगू का गं?"

मी म्हटलं, रविवारी सांग. मीही येते.