हवाईतल्या संस्कृतीप्रधान शाळेत प्रवेश: अर्ज नेमका कुठे अडतो?

"आम्ही हवाईयन नाही, मग आमच्या मुलाला घेतील का?" हवाईयन भाषा-संस्कृतीवर भर देणाऱ्या शाळांबद्दल हा प्रश्न दरवर्षी येतो. उत्तर शाळेवर अवलंबून आहे.

वाइमेआची कानू ओ का आइना किंवा होनोलुलूची हालाऊ कू माना या सरकारी चार्टर शाळा आहेत, म्हणजे सरकारी पैशावर पण स्वतंत्र कारभाराने चालणाऱ्या. फी नाही, वंशाचा दाखला नाही, राहत्या भागाची अट नाही. जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. मात्र प्रत्येक शाळेचा अर्ज वेगळा भरायचा. कामेहामेहा स्कूल्स ही 1887 साली सुरू झालेली खाजगी संस्था. तिथे हवाईयन वंशाच्या मुलांना प्राधान्य असतं, त्यामुळे इतरांनी फारशी आशा धरू नये.

पण हवाईयन कुटुंबंही अडकतात ती इथेच. निम्मं रक्त हवाईयन हवं असं त्यांना वाटतं, पण ती अट हवाईयन लोकांना जमीन देण्याच्या 1921 च्या कायद्याची आहे, कामेहामेहाची नव्हे. 1778 पूर्वी बेटांवर राहणारा एक पूर्वज पुरतो. तो कागदावर दाखवायचा म्हणजे मुलाचा, आईचा किंवा वडिलांचा, वेळ पडली तर आजी-आजोबांचाही जन्मदाखला लागतो. आजीचं माहेरचं नाव एका दाखल्यावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल, तर मधला लग्नाचा दाखला जोडा. दत्तक घराण्याचा वंश धरत नाहीत. 2003 मध्ये याच मुद्द्यावर प्रकरण कोर्टात गेलं होतं.

आता वय. सरकारी शाळांत बालवर्गासाठी 31 जुलैपर्यंत पाच वर्षं पूर्ण हवीत. शाळा ऑगस्टमध्ये भरते म्हणून लोक तोवरचं वय मोजतात. 1 ऑगस्टचा जन्म असेल तर मूल पुढच्या वर्षी. रडून उपयोग नाही.

जन्मदाखला, पत्त्याचा पुरावा, पालकांचं ओळखपत्र हे नेहमीचंच. खरी गोची क्षयरोग नसल्याच्या दाखल्याची. लसी अपुऱ्या असतील तर डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची चिठ्ठी दाखवून मूल तात्पुरतं वर्गात बसू शकतं. पण क्षयरोगाचा दाखला नसेल तर पहिल्याच दिवशी घरी. तो अमेरिकेत परवाना असलेल्या डॉक्टरकडूनच लागतो. भारतातून आलेल्यांनी दंडावरचा बीसीजीचा व्रण दाखवून वाद घालू नये. उलट त्या लसीमुळे क्षयरोगाची त्वचेवरची चाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, मग छातीचा एक्स-रे आला. आणि चाचणी गुरुवारी टोचून घेऊ नका. ती 48 ते 72 तासांत डॉक्टरांना दाखवावी लागते, म्हणजे नेमका शनिवार-रविवार, आणि दवाखाना बंद. हे खिडकीवर कुणी सांगत नाही. दाखला नाही म्हणून मूल परत पाठवायला मात्र सगळे तत्पर!

शिक्षण हवाईयन भाषेतून असेल तर आधी विचारून घ्या: सरकारी कायापुनी वर्गांत इंग्रजी विषय पाचवीत सुरू होतो, आणि मधल्या इयत्तेत येणाऱ्या मुलाला हवाईयन भाषेतून शिकणं जड जातं.

सोडतीत नाव लागलं नाही तर प्रतीक्षा यादीतून लगेच नाव काढू नका. शाळा सुरू झाल्यावरही जागा सुटू शकतात. फोन नंबर बदलला असेल तर तेवढं शाळेला कळवा.