काचेची पूड, सौम्य आम्ल आणि वाचलेली दाढ

आठवडी बाजारात भुईरिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून, त्यांची धुरी नळीने दुखऱ्या दाढेला देणारा आणि नंतर पाण्याच्या वाटीत पडलेले पांढरे तंतू ‘ही बघा कीड’ म्हणून दाखवणारा माणूस अनेक वाचकांनी पाहिला असेल. ते तंतू उष्णतेने फुटलेल्या बियांच्या आतले कोंब असतात. दाताची कीड म्हणजे अळी नव्हेच. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात, त्या आम्लात दाताचे खनिज विरघळते आणि खड्डा पडतो. तरीही त्या माणसाभोवती गर्दी जमते, आणि त्याला केवळ अज्ञान कारणीभूत आहे असे मला वाटत नाही. दाढ वाचवणारा दंतवैद्य शहरात असतो, दोन-तीन खेपा घालाव्या लागतात, खेपेगणिक मजुरी बुडते. मग ठणका असह्य झाला की दाढ उपटून मोकळे होणे हाच स्वस्त उपाय उरतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे साडेतीन अब्ज लोकांना मुखरोग आहेत आणि त्यांपैकी दर चौघांतले तिघे मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. दात कोरण्याच्या यंत्राला वीज, दाबाखालची हवा आणि पाणी लागते, त्यामुळे ही सेवा खुर्चीला खिळलेली राहते. १९८० च्या दशकाच्या मध्यास टांझानियात यावर एक साधा मार्ग शोधण्यात आला: यंत्र वापरायचेच नाही. चमच्यासारख्या टोकाच्या हत्याराने फक्त मऊ, ओलसर झालेला कुजका थर खरवडून काढायचा. त्याखालचा किंचित मऊ पण अजून चिवट थर मुद्दाम ठेवायचा, कारण वरून खड्डा घट्ट बंद झाला की आत उरलेल्या जिवाणूंचा साखरेचा पुरवठा तुटतो आणि त्या थरात खनिज पुन्हा भरू शकते. बहुतेक वेळा भुलीचे इंजेक्शनही लागत नाही.

आता खड्डा भरायचा कशाने? इथे १९७० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये विल्सन आणि केंट या रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेले ‘ग्लास आयोनोमर’ सिमेंट कामी येते, आणि त्याचे रसायन मला फार देखणे वाटते. पूड असते ती कॅल्शियम, ॲल्युमिनियम आणि फ्लुओराइड असलेल्या काचेची. द्रव असतो पॉलिॲक्रिलिक आम्लाचा, म्हणजे ज्याच्या लांबलचक साखळीवर जागोजागी कार्बोक्सिल हे आम्लधर्मी अणुगट लटकले आहेत अशा रेणूंचा. दोन्ही कागदी पॅडवर घोटले की आम्ल काचकणांचा पृष्ठभाग खाऊ लागते आणि कॅल्शियमचे आयन (विद्युतभारित अणू) सुटून शेजारच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधतात; काही मिनिटांत गोळा घट्ट होतो. तीन धनप्रभार असलेले ॲल्युमिनियम मागून, सावकाश येते आणि पुढचा दिवसभर ही वीण आवळत राहते. तेच कार्बोक्सिल गट हायड्रॉक्सिॲपेटाइट या दाताच्या खनिजातील फॉस्फेटला बाजूला सारून तिथल्या कॅल्शियमलाही धरतात. म्हणून हे सिमेंट खड्ड्यात नुसते अडकून बसत नाही, दाताला रासायनिकरीत्या चिकटते, आणि वर फ्लुओराइडही थोडे थोडे सोडत राहते. मात्र सुरुवातीला लाळ लागली तर आयन धुऊन जातात आणि फार कोरडे पडले तर तडे जातात. यावरचा इलाज पाहण्यासारखा आहे: हातमोज्याच्या बोटावर व्हॅसलीन लावून ते सिमेंटवर काही क्षण दाबून धरायचे आणि रुग्णाला तासभर काही खाऊ नये असे सांगायचे.

शहरांतल्या ‘एका दिवसात नवे हास्य’ छापाच्या जाहिरातींपेक्षा या बोटभर व्हॅसलीनने अधिक दाढा वाचतील, असे माझे मत आहे. अर्थात दाढेच्या एकाच पृष्ठभागावरच्या खड्ड्यात हे भरण चांगले टिकते. दोन दातांच्या फटीतून पसरलेल्या खड्ड्यात ते लवकर निखळते, आणि कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन भिडली असेल तर दाढ वाचवायला बहुधा रूट कॅनालच करावे लागते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हे सिमेंट, फ्लुओराइडयुक्त टूथपेस्ट आणि कीड थोपवणारे पण किडलेला भाग कायमचा काळा करणारे सिल्व्हर डायमाइन फ्लुओराइड यांना अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आफ्रिकेतल्या काही देशांत हे भरण दंतवैद्य नसलेले, पण त्याचे प्रशिक्षण घेतलेले ‘डेंटल थेरपिस्ट’ करतात. आपल्याकडे दाताच्या उपचाराचा अधिकार कायद्याने नोंदणीकृत दंतवैद्याकडेच आहे. त्यामुळे सामान पिशवीत मावत असले, तरी पिशवी घेऊन पाड्यावर जाणाराही दंतवैद्यच असावा लागतो.