हिमानी व परिहिमानी भूरूपांचे नकाशांकन

थंड पर्वतीय खोऱ्यात हिमनदीने कोरलेली वा साचवलेली आणि जमीन गोठण्या-वितळण्यातून घडलेली भूरूपे ओळखून नकाशावर नोंदवण्याची पद्धत. पहिल्या गटाला हिमानी, दुसऱ्याला परिहिमानी म्हणतात. आकाराभोवती रेषा काढणे सोपे असते. तो कशाने घडला हे ठरवणे अवघड, आणि बहुतेक चुका तिथेच होतात.

नागपुरात इस्रोचे प्रादेशिक सुदूर संवेदन केंद्र, महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्राचे मुख्यालय असल्याने उपग्रह प्रतिमा वाचणारे येथे पुष्कळ आहेत. हिमालय दूर असला तरी हिमनदीच्या खुणा विदर्भातच पाहता येतात. चंद्रपूरजवळ इरई येथे तालचीर गोलाश्म थराखालचा (प्राचीन हिमनदीने साचवलेल्या दगडगोट्यांच्या थराखालचा) चुनखडक बर्फाने घासून गुळगुळीत झालेला व समांतर ओरखड्यांनी भरलेला आहे. भूवैज्ञानिक फेडन यांनी १८७५ मध्ये त्याविषयी लिहिले. तो बर्फ सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचा, पण खुणा वाचण्याची रीत आजही तीच. ओरखड्यावरून बर्फ कोणत्या रेषेत सरकला ते कळते, कोणत्या टोकाकडे गेला ते कळत नाही. त्यासाठी एका अंगाने घासलेला व दुसऱ्या अंगाने तुटका असा खडकाचा उंचवटा शोधावा लागतो. घासलेले अंग बर्फ आला त्या बाजूचे.

हिमाचल प्रदेशातील लाहौलचे चंद्रा खोरे सरावासाठी उत्तम आहे. छोटा शिग्री, बडा शिग्री, समुद्र टापू या हिमनद्या आणि जुन्या हिमोढांच्या (हिमनदीने साचवलेल्या दगडमातीच्या ढिगांच्या) रांगा तिथे एकाच खोऱ्यात सापडतात. प्रतिमा ऑगस्टअखेर ते सप्टेंबरच्या निवडाव्यात. त्या आधी हंगामी बर्फ हिमोढ झाकतो, नंतर नव्या हिमवृष्टीची भीती असते. लिस-४ या भारतीय उपग्रह-संवेदकाची ५.८ मीटर विभेदनक्षमता कडा रेखाटायला पुरेशी आहे. मात्र तिच्यात लघुतरंग अवरक्त पट्टा नसल्याने हिम निर्देशांक (बर्फ ओळखण्याचे पट्ट्यांचे गुणोत्तर) काढता येत नाही. तो सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहाच्या प्रतिमांवरून काढावा. ०.४ ही नेहमीची उंबरठा किंमत, तिच्या वरचे ते बर्फ, पण तळ्यांचे पाणीही तिच्यात शिरते, म्हणून तळी हाताने वगळावीत.

नागपूरकरांकडून हमखास होणारी चूक प्रक्षेपणाची. नागपूर यूटीएम या नकाशा-प्रक्षेपणाच्या ४४ उत्तर पट्ट्यात येते, लाहौल ४३ मध्ये. सवयीने ४४ लावला तर क्षेत्रमोजणी बिघडते आणि इतरांचे थर जुळत नाहीत.

दुसरा धोका डोळ्यांचा. उपग्रह सकाळी साडेदहाच्या सुमारास जातो, ऊन आग्नेयेकडून येते आणि दऱ्या डोंगरधारांसारख्या उठून दिसतात. अशा वेळी प्रतिमा उलटी फिरवावी किंवा शेजारी उंचीच्या प्रतिमानावरून वायव्य प्रकाशाची छायाप्रतिमा ठेवावी.

राडारोड्याने झाकलेली हिमनदी आणि दगडी हिमनदी (आत बर्फ धरून हळूहळू सरकणारा दगडांचा लोंढा) यांची गल्लत सर्वांत जास्त होते. दोन्हींवर दगडच दिसतात व निर्देशांक दोन्हीकडे निरुपयोगी ठरतो. झाकलेल्या हिमनदीवर खळगे, छोटी तळी आणि बर्फाचे उघडे कडे असतात. खाली हिमनदीच्या मुखातून प्रवाह निघतो. दगडी हिमनदीवर आडव्या वळ्या पडतात आणि समोरचा उतार ३० ते ३५ अंशांचा, कधी त्याहून तीव्र असतो. तो उतार ताजा, फिकट असेल तर ती बहुधा सरकते आहे. त्यावर गवत वा दगडफूल रुजले असेल तर ती थांबली असण्याची शक्यता अधिक. थांबली म्हणजे आतला बर्फ संपला असे मात्र नाही. हालचाल रडार प्रतिमांच्या जोड्यांवरून तपासावी. सीमा दोन काढाव्यात, समोरचा व बाजूंचा उतार धरून एक आणि वगळून एक. क्षेत्रफळाच्या तुलना इथेच फसतात.

दरडीचा ढीग हिमोढ समजला गेला तर जुन्या हिमनदीची लांबी भलतीच निघते. दरडीत एकाच खडकाचे टोकदार तुकडे असतात. हिमोढात वरच्या खोऱ्यातले निरनिराळे खडक मिसळलेले असतात, काहींवर ओरखडे असतात. दोन्हींत शिळा आणि बारीक भुगा एकत्र असतो, म्हणून मिश्रण पाहून निकाल देऊ नये. जागेवर ५० गोट्यांचे लांब अक्ष होकायंत्राने मोजावेत. बेरिलियम-१० कालनिर्णयासाठी (शिळा किती काळ उघड्यावर आहे ते काढण्यासाठी) हिमोढाच्या माथ्यावरची, न लोळलेली मोठी शिळा निवडून वरच्या ५ सेंटीमीटरमधला नमुना घ्यावा आणि भोवतालच्या डोंगरांनी अडवलेल्या आकाशाचे कोन टिपावेत.

नकाशावर आखलेल्या प्रत्येक बहुभुजासोबत प्रतिमेची तारीख, ओळखीचा आधार आणि खात्रीची पातळी लिहावी: जागेवर पाहिलेले, प्रतिमेवरून निश्चित, किंवा संशयित. संशयित सीमा तुटक रेषेने दाखवावी. उत्तराभिमुख हिमगव्हरांच्या (हिमनदीने डोंगरात कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांच्या) मागच्या भिंती सावलीत बुडतात. तिथे अंदाजाने सलग रेषा ओढण्यापेक्षा तुटक रेष पुढच्या अभ्यासकाला कितीतरी उपयोगी पडते.