महाराजपूरच्या गोलंदाजांचा दगड कुठे आहे?

ग्वाल्हेरात मृतांच्या खुणांना तोटा नाही. शहराच्या लष्कर भागातल्या छत्री बाजारात शिंदे घराण्याच्या छत्र्या, म्हणजे स्मारकं, आहेत, फुलबागेत झाशीच्या राणीची समाधी आहे. पण शिंद्यांच्या याच गादीसाठी २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहारला ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेशी लढताना पडलेल्या शिपायांची नावं कोरलेला दगड मला शहरात कुठे दिसलेला नाही, आणि ते मला सलतं.

ग्वाल्हेरचे महाराज जनकोजीराव शिंदे त्या वर्षी फेब्रुवारीत निपुत्रिक वारले. त्यांच्या विधवा ताराबाईंनी जयाजीरावांना दत्तक घेतलं, तेव्हा दोघंही अजाण वयाची. कारभारी म्हणून कंपनी सरकारला मामासाहेब हवे होते. दरबारात मात्र त्यांचे प्रतिस्पर्धी दादा खासगीवाले यांची सरशी झाली. गव्हर्नर जनरल एलेनबरोला चढाईसाठी एवढं निमित्त पुरलं. पंजाबात शीख फौज सज्ज असताना पाठीशी शिंद्यांच्या कवायती पलटणी त्याला नको होत्या.

कंपनीचा सेनापती ह्यू गफ चंबळ उतरून महाराजपुरावर आला. त्याच दिवशी जॉन ग्रेची फौज पनिहारला भिडली. महाराजपूर सहज हाती येईल अशी गफची खात्री होती. इतकी, की त्याची बायको आणि आणखी काही बायका हत्तींवर बसून रणापर्यंत आल्या होत्या. शिंद्यांचे गोलंदाज मात्र तोफा सोडून हटले नाहीत, तिथेच कापले गेले. त्यांत मराठे होते, तसे हिंदुस्थानी शिपाईही पुष्कळ होते. एकट्या महाराजपुरात कंपनीचे सुमारे ८०० लोक मेले किंवा जखमी झाले. शत्रूच्या शौर्याला आपण न्याय दिला नाही, हे पुढे गफनेच लिहिलं.

हस्तगत तोफांच्या धातूतून जेत्यांसाठी ताऱ्याच्या आकाराची पदकं घडली. त्याच धातूचा उपयोग करून कलकत्त्यात हुगळीकाठी १८४७ साली स्मारक उभं राहिलं. त्या तोफांवर ज्यांनी जीव दिला, त्यांची आठवण कोण ठेवणार? जानेवारी १८४४च्या तहाने दरबारची फौज ९,००० वर आली आणि ग्वाल्हेरच्याच पैशावर इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ‘कंटिंजंट’ नावाची वेगळी फौज उभी राहिली. दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीच्या, म्हणजे रेसिडेंटच्या, डोळ्यांदेखत दरबाराने हरलेल्या पलटणींचं स्मारक बांधणं, माझ्या मते, अशक्यच होतं. पुढे १४ जून १८५७ ला मुरारच्या छावणीत तीच कंटिंजंट इंग्रजांविरुद्ध उठली. १८५८ नंतर ग्वाल्हेरचा किल्ला इंग्रजांकडे राहिला. तो मुरारसह १८८६ साली शिंद्यांना परत मिळाला, तोही झाशी देऊन. तोवर महाराजपूरचे बहुतेक साक्षीदार गेलेले होते.

फुलबागेत दर जूनमध्ये राणीचा मेळा भरतो, तो भरायलाच हवा. २९ डिसेंबरलाही ग्वाल्हेरकरांनी महाराजपूर आणि पनिहारला जावं, आणि दोन्ही ठिकाणी या शिपायांच्या नावे एकेक शिळा बसवावी.