संगणक अडलाय, पण नक्की कोणामुळे?

गणपती तोंडावर आले की गिरगावातल्या डीटीपीच्या दुकानांत मंडळांच्या अहवालांची झुंबड उडते. नेमका तेव्हाच संगणक मान टाकतो. मग दुकानदार वैतागून पॉवरचं बटण दाबून धरतो आणि सेव्ह न केलेली जाहिरातींची पानं जातात. त्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबावं. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडतो; कोणता प्रोग्राम संगणकाची किती ताकद खातोय ते तो दाखवतो. डेव्ह प्लमर या प्रोग्रामरने लिहिलेलं हे साधन १९९६ साली विंडोज एनटी ४.० बरोबर आलं.

उघडल्यावर बहुतेकांची नजर सीपीयूच्या, म्हणजे संगणकाच्या मेंदूच्या, रकान्यावर जाते. तिथे जेमतेम पाच टक्के दिसतात आणि शेजारी डिस्क मात्र १०० टक्क्यांवर असते. जुनी हार्ड डिस्क आणि मागे गुपचूप चाललेलं अँटीव्हायरसचं स्कॅन, असा मामला असतो तो. अशा वेळी पानं मांडायचं कोरलड्रॉ बंद करून काय मिळणार? डिस्कच्या शीर्षकावर क्लिक करा, खरा खादाड वर येतो.

दुकानापुरतं एवढं पुष्कळ झालं. पण पेन ड्राइव्ह निघत नाही, ‘फाइल वापरात आहे’ असं मशीन सांगतं आणि कोण वापरतंय ते सांगत नाही, तेव्हा प्रोसेस एक्सप्लोरर घ्यावा. त्यात फाइलचं नाव शोधलं की ती धरून बसलेला प्रोग्राम सापडतो. मार्क रुसिनोविच यांच्या सिसइंटर्नल्स संचातलं हे साधन फुकट आहे. २००६ पासून तो संच मायक्रोसॉफ्टकडे आहे.

विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असेल, तर तिथे हेच काम करणारा ‘टॉप’ आधीपासून असतो, पण मी तशाच कामाचा एचटॉप सुचवेन. एफ ५ दाबलं की कोणती प्रक्रिया (म्हणजे चालू असलेला प्रोग्राम) कोणी सुरू केली त्याची वंशावळच दिसते. आकडे वाचताना मात्र जपून. विंडोजमध्ये १०० टक्के म्हणजे सीपीयूचे सगळे कोअर, म्हणजे त्यातले काम करणारे भाग, मिळून. इथे १०० म्हणजे एकच कोअर. त्यामुळे ३५० टक्के दिसले तरी घाबरायचं कारण नाही. ‘लोड ॲव्हरेज’ म्हणजे कामाचा सरासरी भार; त्याचे तीन आकडे एक, पाच आणि पंधरा मिनिटांचे. दादरच्या तिकीट खिडकीवर तिकीट घेणारे आणि मागे रांगेत उभे असलेले, सगळे मिळून मोजावेत तसा हा आकडा. लिनक्स त्यात डिस्कसाठी ताटकळणाऱ्या प्रक्रियाही धरतो. बीटॉप या तशाच आणखी एका साधनाचे रंगीत आलेख देखणे असतात, पण रात्री दोनला सर्व्हर का अडला होता हे सकाळी ते सांगणार नाहीत. त्यासाठी ठरावीक अंतराने नोंदी लिहून ठेवणारा एटॉप हवा.

लिनक्सवर प्रक्रिया बंद करताना आधी १५ क्रमांकाचा सिग्नल द्यावा: आवराआवर करून निघ, असा त्याचा अर्थ. ९ क्रमांकाचा सिग्नल थेट गचांडी धरतो, फाइल अर्धवट राहिली तरी. आणि स्थितीच्या रकान्यात ‘डी’ दिसलं, तर बहुधा ती प्रक्रिया डिस्कच्या उत्तराची वाट बघत अडकलेली असते. तिथे ९ चीही मात्रा लगेच चालत नाही. आधी केबल तपासा.