कधीही हँग, कधीही रिस्टार्ट : संशयितांच्या यादीचा इतिहास

डेस्कटॉप मध्येच गोठतो, कधी आपोआप रिस्टार्ट होतो आणि पुन्हा चालू केला की काही घडलंच नाही अशा थाटात दोन दिवस मुकाट काम करतो. ही तक्रार कोणाही जाणकाराकडे नेली की ठरलेली यादी हातात पडते: रात्रभर मेमटेस्ट (मेमरी तपासणारा प्रोग्राम) लावा, रॅमची, म्हणजे मेमरीची, एकेक पट्टी काढून बघा, एक्सएमपी (रॅमचा वाढीव वेग) बंद करा, ग्राफिक्सचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) नव्याने टाका, इव्हेंट व्ह्यूअर (विंडोजची नोंदवही) बघा, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) बदलून बघा. ही यादी कोणी एका बैठकीत केलेली नाही. तिच्यातल्या जवळपास प्रत्येक ओळीमागे त्या त्या काळात खरोखर सापडलेला एखादा गुन्हेगार आहे. कोण कधी सापडला हे ठाऊक असलं, तर आपल्यापुढच्या मशीनवर संशय कुठून सुरू करायचा हे ठरवायला बरंच सोपं जातं.

डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळात संशयित एकच असायचा, समोर चालू असलेला प्रोग्राम. आयबीएमचा पहिला पीसी ऑगस्ट १९८१मध्ये आला. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला एका प्रोग्रामची मेमरी दुसऱ्यापासून राखायची सोयच नव्हती. चुकार प्रोग्राम थेट डॉसच्या जागेवर लिहून मोकळा व्हायचा आणि सगळं ठप्प. त्यावरचा उतारा म्हणजे मशीन नव्याने सुरू करणारं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट. आयबीएमचे इंजिनिअर डेव्हिड ब्रॅडली यांनी तो मुळात आपल्या टीमच्या सोयीसाठी केला होता. लोकांच्या बोटांना त्याची सवय लागेल हे तेव्हा कोणाच्या मनातही नव्हतं.

पण त्याच मशीनमध्ये आजच्या बहुतेक डेस्कटॉपमध्ये नसलेली एक गोष्ट होती. मेमरीतल्या प्रत्येक आठ बिटांमागे (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) नववं बिट फक्त पडताळणीसाठी ठेवलेलं होतं. वाचताना हिशेब जुळला नाही की स्क्रीनवर ‘पॅरिटी चेक’ अशी ओळ यायची आणि मशीन जागच्या जागी थांबायचं. वापरणाऱ्याला हे निष्ठुर वाटे, पण निदान दोष मेमरीत आहे हे मशीन स्वतःहून सांगत होतं. ही खबरदारी उगाच नव्हती. इंटेलच्या टिमोथी मे आणि मरे वुड्स यांनी १९७८मध्येच दाखवून दिलं होतं, की चिपच्या आवरणातल्या किंचितशा किरणोत्सर्गी अंशातून निघणारे अल्फा कण मेमरीतलं बिट उलटवू शकतात.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर हे नववं बिट घरगुती मशीनमधून गेलं. मेमरीचा दर्जा सुधारला होता, स्पर्धा जीवघेणी होती आणि नऊ चिपांऐवजी आठांत भागत होतं. इंटेलच्या १९९५च्या ट्रायटन ४३०एफएक्स या, प्रोसेसर आणि मेमरी जोडणाऱ्या, चिपसेटमध्ये पॅरिटीची सोय नव्हतीच. चुका पकडून दुरुस्त करणारी ईसीसी मेमरी सर्व्हर आणि महागड्या वर्कस्टेशनपुरती उरली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महागात पडलेलं वळण हेच. यानंतर चुकीचं बिट तक्रार करेनासं झालं. ते मजकुरात पडलं तर इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या जागी ‘सी’ दिसतं, कारण त्या दोघांच्या कोडमध्ये फरकच एका बिटाचा आहे. टायपिंगची चूक म्हणून आपण पुढे जातो. तेच बिट मेमरीतल्या जागेच्या एखाद्या पत्त्यात पडलं आणि वरच्या बाजूचं, समजा शून्यापासून मोजता तिसावं असलं, तर प्रोग्राम एक जीबी दूरच्या जागी जाऊन पोचतो आणि कोसळतो. आज ब्राउझर बंद पडतो, उद्या गेम, परवा ब्लू स्क्रीन (विंडोज कोसळल्याचा निळा पडदा), तोही दर वेळी वेगळ्या कोडचा. लोक त्याला ‘रँडम’ म्हणतात. ख्रिस ब्रॅडी यांनी १९९४च्या सुमारास मेमटेस्ट८६ लिहिलं आणि ही उणीव काहीशी भरून काढली. मेमरीत ठरावीक नमुने लिहायचे, परत वाचायचे, उलटे करून पुन्हा लिहायचे, एवढंच त्याचं काम. मात्र ते चालू असेल तेवढा वेळच पहारा असतो.

सॉफ्टवेअरच्या बाजूला दरम्यान वेगळंच नाट्य चालू होतं. विंडोज ३.० (१९९०) आणि ३.१ (१९९२) यांत प्रत्येक प्रोग्रामने आपली पाळी संपली की सौजन्याने बाजूला व्हायचं, असा कारभार होता. एकाने सौजन्य दाखवलं नाही की सगळेच खोळंबले. विंडोज ९५ने ही सूत्रं स्वतःकडे घेतली खरी, पण जुन्या १६-बिट प्रोग्रामांसाठी एक सामाईक कुलूप शिल्लक ठेवलं. ते धरून एखादा अडला की हँग ठरलेला. याच घराण्यात ४९.७ दिवसांचा प्रसिद्ध दोषही होता. मिलिसेकंद मोजणारा ३२-बिट काउंटर तेवढ्या काळात भरून पुन्हा शून्यावर येतो आणि मशीन गोठतं. त्याची दुरुस्ती १९९९मध्ये आली. इतकी वर्षं हे ध्यानात का आलं नाही, याचं उत्तर वाचकांनी आपल्या आठवणीत शोधावं.

विंडोज एक्सपीबरोबर २००१मध्ये विंडोज एनटीचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) घरोघरी पोचला आणि संशयित बदलला. साधा प्रोग्राम आता स्वतःपुरता मरू लागला. अख्खं मशीन पाडायची ताकद उरली ती मुख्यतः ड्रायव्हरकडे. पुढे एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टासंबंधीच्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं उघड झाली. त्यांतल्या २००७च्या आकडेवारीत, नोंदल्या गेलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के ग्राफिक्स कार्डांच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या खात्यावर होते. व्हिस्टानेच एक नवी तरतूदही आणली. ग्राफिक्स कार्डाने दोन सेकंद दाद दिली नाही, तर विंडोज त्याचा ड्रायव्हर झटकून पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते, हे लक्षण तेव्हापासूनचं.

एक्सपीची एक करणी मात्र मला अजून खटकते. क्रॅश झाला की आपोआप रिस्टार्ट, ही सेटिंग मुळातच चालू ठेवलेली होती. ब्लू स्क्रीनवरचा कोड डोळ्यांना दिसेपर्यंत मशीन पुन्हा सुरू झालेलं असायचं. सांगण्यासारखं होतं तेही लपलं आणि ‘अचानक रिस्टार्ट होतो’ ही तक्रार फोफावली. विंडोज ७पासून इव्हेंट व्ह्यूअरमध्ये दिसणारी ‘कर्नल-पॉवर ४१’ ही नोंद तर इतकी चुकीची वाचली जाते, की केवळ नावात पॉवर आहे म्हणून कित्येक चांगले एसएमपीएस बदलले गेले असतील. मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं, एवढंच ती नोंद म्हणते. कामाचा भाग आत, तपशिलात असतो. तिथे बगचेक कोड (ब्लू स्क्रीनवरचाच आकडा) असेल तर विंडोज मरताना काहीतरी बोललं आहे, आणि मिनिडंप फोल्डरमध्ये बहुधा त्या क्रॅशची फाइलही मिळेल. तो आकडा शून्य असेल तर विंडोजला बोलायला वेळच मिळाला नाही: वीज गेली, मशीन पार गोठलं किंवा कोणीतरी बटण दाबून धरलं. तपास इथे दोन वाटांनी फुटतो आणि नेमकी हीच पायरी लोक गाळतात.

हार्डवेअरमध्ये २०००च्या दशकातला मोठा गुन्हेगार म्हणजे मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर, म्हणजे विजेचा पुरवठा स्थिर ठेवणारे छोटे भाग. सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे ते वर्षा-दोन वर्षांत फुगायचे, गळायचे; त्यापायी डेलला २००५मध्ये ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. आता बहुतेक बोर्डांवर घन पॉलिमरचे कपॅसिटर असतात, तेव्हा तो अध्याय जवळपास मिटला आहे.

ओव्हरक्लॉकिंगचा, म्हणजे ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्याचा, मिटलेला नाही. १९९८चा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसचा वेग ६६ वरून १०० केला की ४५० वर पळे, आणि तिथून हा नाद घरगुती झाला. त्याचं आजचं सभ्य रूप म्हणजे २००७मध्ये डीडीआर३ बरोबर आलेलं एक्सएमपी. बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, एक पर्याय निवडायचा आणि रॅमच्या खोक्यावर छापलेला वेग मिळवायचा. तो वेग बहुधा ओव्हरक्लॉकच असतो, हे खोक्यावर ठळक छापत नाहीत.

हे सगळं योगायोगाने होतं का, याचा मोजून घेतलेला अंदाज बराच उशिरा आला. गूगलच्या सर्व्हरांवरचा २००९चा अभ्यास सांगतो, की वर्षाला ८ टक्क्यांहून जास्त रॅम पट्ट्यांत चुका आढळल्या, आणि बहुतांश दोष पट्टीतच मुरलेले होते, भरकटलेल्या कणांचे नव्हते. दोन वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी जवळपास दहा लाख घरगुती पीसींचे क्रॅश अहवाल चाळले. आठ महिन्यांत प्रोसेसरची एकूण ३० दिवसांची चाल पूर्ण केलेल्या मशीनमध्ये, प्रोसेसरच्या दोषाने क्रॅश होण्याचं प्रमाण १९० मध्ये एक होतं. पण एकदा असा क्रॅश झालेलं मशीन पुन्हा कोसळण्याची शक्यता कितीतरी पटींनी, काही दोषांत शंभर पटींपर्यंत, वाढत होती. ओव्हरक्लॉक केलेली मशीन जास्त कोसळत होती, आणि ठरलेल्यापेक्षा कमी वेगाने चालवलेली त्याहून शहाणी वागत होती. म्हणून एक्सएमपी बंद करणं ही यादीतली फुकटची आणि पहिली पायरी मानावी. विंडोज फॉरमॅट मारणं शेवटी.

गेल्या दशकात आणखी दोन लक्षणं जोडली गेली. एक, भार नसताना गोठणं. २०१३च्या हॅसवेल प्रोसेसरची झोप इतकी गाढ होती, की १२ व्होल्टच्या वाटेवर जेमतेम ०.०५ अँपिअरचा भार उरायचा आणि काही जुने एसएमपीएस तेवढ्यावर तग धरत नसत. २०१७मध्ये एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरवर लिनक्स रिकामं बसलेलं असताना गोठू लागलं, तेव्हा बायोसमध्ये त्यासाठी खास पर्याय आला. दोन, विशिष्ट भाराखालीच गोठणं. मर्सेन मूळ संख्या शोधण्यासाठी जॉर्ज वोल्टमन यांनी लिहिलेल्या प्राइम९५ने इंटेलचा स्कायलेक प्रोसेसर गोठतो हे उघडकीस आलं आणि जानेवारी २०१६मध्ये इंटेलने ते मान्य केलं.

यादीतली सर्वांत ताजी भर इंटेलच्याच १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांची. गेम सुरू होताना ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश यायचा, लोक ग्राफिक्स कार्ड आणि ड्रायव्हर बदलत बसायचे, आणि दोष होता प्रोसेसरमध्ये. वाजवीपेक्षा जास्त व्होल्टेजमुळे आतलं सर्किट झिजत होतं. काल ज्या व्होल्टेजवर चिप नीट चालली त्यावर ती आज चालेना. ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४मध्ये मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली गेली. बायोस अपडेट केल्याने पुढची झीज रोखता येते, झालेली भरून येत नाही. अशा चिपवर रॅम, ड्रायव्हर, एसएमपीएस सगळं बदलून झालं तरी शेवटी प्रोसेसरच बदलून घ्यावा लागतो.