अंगणवाडी : बोर्डी–कोसबाडचा बालशिक्षण प्रयोग

सहा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यांच्याच वस्तीत, घराच्या अंगणात भरणारी बालवाडी म्हणजे अंगणवाडी. आज हा शब्द उच्चारला की खिचडी, वजनकाटा आणि हजेरीचे रजिस्टर डोळ्यांपुढे येते; पण शब्द सरकारी योजनेच्या बराच आधीचा आहे. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) आणि अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यातून तो रुजला. दोन्ही गावे डहाणू तालुक्यातली. जिल्हा तेव्हा ठाणे, आता पालघर. मूल एकटे शिकत नाही, आई, भावंडे, गुरे, पाऊसपाणी यांच्यासकट ते शिकते, असे धरून चालणारे शिक्षण आज समग्र किंवा नातेकेंद्री म्हणून ओळखले जाते. मराठी मुलखातले त्याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण हेच.

या कामाचे मूळ भावनगरला आहे. तिथे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती बालमंदिर काढले. गिजुभाई मुळात वकील. पुढे लोक त्यांना ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई, म्हणू लागले. मुलाने खास बनवलेली साधने हाताळत आपल्या गतीने शिकावे, ही इटलीच्या मारिया मॉन्टेसरी यांची पद्धत त्यांनी उचलली, पण तिच्यात गोष्टी, नाटुकली, गाणी यांची भर घातली आणि छडीला कायमची रजा दिली. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजात प्राचार्य असलेल्या ताराबाई ती सुखाची नोकरी सोडून त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ साली दोघांच्या पुढाकाराने नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, ‘शिक्षणपत्रिका’ आधी गुजरातीत आणि मग मराठीत निघू लागली. मुंबईला परतल्यावर ताराबाईंनी १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केले.

शिशुविहार चालले, नावाजलेही गेले. तरी एक गोष्ट खटकत राहण्याजोगी होती. मॉन्टेसरीची साधने मापात कातलेल्या, घोटलेल्या लाकडाची. त्यांना पैसा हवा, बंद खोली हवी, सांभाळायला कपाट हवे. म्हणजे ही पद्धत फिरून फिरून शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांतच राहणार. गांधीजींच्या नयी तालीमचा, म्हणजे हाताच्या कामातून शिकवण्याचा, विचार शाळेच्या वयाखालच्या मुलांपर्यंत, पूर्वबुनियादीपर्यंत येऊन पोचला होता. ताराबाईंनी वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी दादर सोडून बोर्डी गाठले. त्याच वर्षी तिथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या अनुताई त्यांच्यासोबत आल्या. अनुताई मूळच्या मोरगावच्या. तेराव्या वर्षी लग्न आणि सहा महिन्यांत वैधव्य, एवढ्यावर त्यांचा संसार संपला होता. बोर्डीला आल्या त्या पस्तिशीच्या.

‘बालवाडी’ हा शब्द ताराबाईंनीच रूढ केला. जर्मन किंडरगार्टनचा अर्थही मुलांची बागच. पण बोर्डी-घोलवडच्या माणसाला ‘वाडी’ म्हटले की चिकूची वाडी दिसते, रोज पाणी मागणारी. शब्द नेमका त्या मातीत लागला.

बालवाडीत गावातली मुले येऊ लागली, गावाच्या कडेला राहणारी आली नाहीत. कारण शोधायला लांब जावे लागत नव्हते. दलित वस्तीतल्या किंवा वारल्यांच्या पाड्यावरच्या बाईने सकाळी मजुरीला जायचे, तर तीन वर्षांच्या पोराला न्हाऊमाखू घालून गावातल्या इमारतीत कोण पोचवणार? आणि पोचवले तरी त्याच्या अंगावरच्या फाटक्या कपड्यांकडे बघणारे डोळे तिथे असणारच. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जायचे, असे ताराबाईंनी ठरवले. ताई सकाळी पिशवी घेऊन वस्तीत जायची, एखाद्या घरापुढच्या शेणाने सारवलेल्या अंगणात बसायची. तीच अंगणवाडी.

अंगणात बसण्याचे परिणाम साध्या दिसणाऱ्या गोष्टींत होते. पहिला तास अंघोळीचा: घागरभर पाणी, नखे काढणे, गुंता सोडवून केस विंचरणे. हे काम ताई करत असताना आई-आजी चुलीपाशी किंवा उंबऱ्यावर असत. बघत, हसत, मध्ये बोलत. पालकसभेची चिठ्ठी पाठवायची वेळच येत नसे. साधनेही तिथलीच. चिंचोके आणि गुंजा मोजायला, समुद्रावरचे शिंपले लहान-मोठे लावायला, बांबूचे तुकडे उंचीने मांडायला, पाने आकार ओळखायला, करवंट्या पाणी भरण्या-ओतण्याला. मॉन्टेसरींनी ज्ञानेंद्रियांच्या शिक्षणासाठी जे जे सांगितले ते यात होते, आणि हरवले तर झाडाखाली पुन्हा मिळत होते. एक फरक मात्र मोठा. घोटीव लाकडाचा ठोकळा मुलाच्या घरात नसतो. चिंचोका संध्याकाळीही घरात असतो, आणि खेळ आजीबरोबर पुढे चालू राहतो.

मग भावंडांचा प्रश्न आला. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर दीड वर्षाचे मूल आहे. तिला एकटीला बोलावून उपयोग नाही. यावरचा तोडगा म्हणजे विकासवाडी: पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, थोरली वर्गात, आणि मधूनच उठून धाकट्याला बघून यायची मुभा. शिक्षणखात्याच्या कागदावर हे तीन वेगवेगळे विभाग; घरात ती तीन भावंडे. या साऱ्या प्रयोगातली सर्वांत मोलाची कल्पना प्रस्तुत लेखकाच्या मते हीच, आणि पुढे सर्वांत कमी उचलली गेली तीही हीच.

१९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. इथली वस्ती मुख्यतः वारल्यांची. पावसाळ्यात भाताची लावणी, पुढे गवताची कापणी, मग वीटभट्ट्या आणि इतर मजुरी, असे वर्षाचे वेळापत्रक आधीच ठरलेले. शाळेने त्यात आपली जागा शोधायची होती. गुरे राखणारी मुले कुठल्याच वेळी मोकळी नसत. त्यांच्यासाठी कुरणशाळा निघाली: गुरे चरायला सोडली की त्याच माळावर, झाडाच्या सावलीत वर्ग. एखादी गाय भाताकडे वळली तर वर्ग तेवढा वेळ थांबणार, हे गृहीतच. दिवसा राबणाऱ्यांसाठी रात्रशाळाही चालल्या.

भाषेची अडचण वेगळीच होती. पाड्यावरचे मूल वारली बोलते, ताईची मराठी पुण्या-मुंबईची. आदेश समजत नाही म्हणून गप्प बसलेल्या मुलाला मंद ठरवणे सोपे असते, आणि तसे ठरवणाऱ्या शाळा आजही आहेत. लहान मुलाशी आधी त्याच्या बोलीत बोलावे, प्रमाण भाषा मागून येऊ द्यावी, हे तत्त्व इथे नुसते मांडले गेले नाही, गरज म्हणून अंगवळणी पडले.

या कामाकडे भाबडेपणाने बघू नये. १९४५ हेच वर्ष डहाणू-तलासरी-उंबरगाव पट्ट्यात वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्धच्या उठावाचेही आहे. कम्युनिस्टांच्या किसान सभेचा लाल बावटा त्याच पाड्यांवर पोचला होता. अंगणात बसलेल्या ताईने मुलाची नखे काढली, पण बापाचे कर्ज आणि जमिनीची मालकी तिच्या पिशवीत मावणारी नव्हती. शहरी पांढरपेशा बाईने आदिवासी मुलाला अंघोळ घालण्यात सुधारणेचा थोडा वरचढ सूरही असणार. तरीही पाड्यावर रोज, अनेक वर्षे, त्याच माणसाने येत राहणे ही त्या मुलखाला नवी गोष्ट होती. सावकार आणि जंगलखात्याचा शिपाई यांखेरीज बाहेरचे फारसे कोणी तिथे नेमाने येत नसे.

गंमत अशी की त्याच १९४५ साली इटलीत रेज्जो एमिलिया शहराजवळच्या व्हिला चेल्ला गावातल्या लोकांनी माघार घेतलेल्या जर्मन सैन्याचा रणगाडा, ट्रक आणि घोडे विकून त्या पैशातून बालशाळा बांधायला घेतली. लोरिस मालागुत्सी हे तरुण शिक्षक तिथे सायकलने पोचले आणि त्यांच्या कामातून जगभर नावाजलेली रेज्जो एमिलिया पद्धत घडली. ‘परिसर हा तिसरा शिक्षक’ हा विचार आपल्याकडच्या महागड्या प्री-स्कूलांच्या माहितीपत्रकांत रेज्जोच्या नावाने छापलेला असतो. डहाणूच्या अंगणाचा उल्लेख तिथे सहसा नसतो.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि तिच्या केंद्राला ‘अंगणवाडी’ हे नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणे), आई-बायांसाठी आहार-आरोग्य शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा तिच्याकडे आल्या. देशात आज जवळपास १४ लाख केंद्रे मंजूर आहेत. कुपोषणाच्या लढाईत त्यांचे मोल कमी लेखता येणार नाही. पण सहाव्या सेवेच्या वाट्याला उरलेला वेळ येतो. सेविकेला पोषण आहाराच्या नोंदी मोबाइलवर भराव्या लागतात, सर्वेक्षणे करावी लागतात, आणि ज्या तासाला गोष्ट सांगायची तो तास त्यात जातो. तिला मिळते त्याला पगार नव्हे, मानधन म्हणतात. सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत, हे ठरायला सर्वोच्च न्यायालयाचा एप्रिल २०२२ मधला निकाल यावा लागला. नात्यावर उभ्या असलेल्या शिक्षणात नाते सांभाळणारी बाई एवढी स्वस्त धरली गेली, याची नोंद इथे करायला हवी.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण आणि अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री मिळाले. अनुताई आणि प्रा. रमेश पानसे यांनी १९८२ साली ग्राममंगल ही संस्था काढली. डहाणू तालुक्यातल्याच ऐने येथे तिने आदिवासी मुलांचे शिक्षण पुढे नेले. राज्यातल्या अंगणवाड्यांसाठी ‘आकार’ हा अभ्यासक्रम आला, आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट एक पायाभूत टप्पा मानला; बालवाडी आणि पहिली-दुसरी यांची सांगड घालण्याची विकासवाडीतली कल्पना निदान कागदावर तरी परत आली.

अंगणवाडीचे खरे वंशज मात्र नावांत सापडतात. वीटभट्टीवर मजूर कुटुंब ज्या तात्पुरत्या झोपडीत राहते तिला भोंगा म्हणतात. ठाणे-वसई भागात भट्ट्यांवर चाललेल्या शाळा म्हणून भोंगाशाळा. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी कारखान्याच्या तळावर भरतात त्या साखरशाळा. कुरणशाळेसारखेच या नावांतही मुलाचा ठावठिकाणा आधी येतो आणि शाळा मागून. हंगाम संपला, भोंगा मोडला की शाळाही उठते, आणि पुढच्या दिवाळीनंतर दुसऱ्या भट्टीवर पुन्हा मांडावी लागते.